दालचिनी टोस्ट हा गोड पदार्थ आहे, औषध नाही



गेल्या महिन्यात एक गृहस्थ ओपीडीत आले. वय पंचावन्नच्या आसपास, शेती रोहण्याजवळच, डायबिटीस सहा वर्षांपासून. उजव्या पायाच्या अंगठ्याखाली जखम होती आणि तीन आठवडे झाले तरी ती भरत नव्हती. "काई नाई साहेब, चप्पल लागली," म्हणाले. तपासणी केली तर एचबीए१सी ११.२ निघालं. वर्षभरापूर्वी हाच आकडा ७.३ होता. (एचबीए१सी म्हणजे मागच्या साधारण तीन महिन्यांत रक्तातली साखर सरासरी किती राहिली याचं माप. या ब्लॉगच्या जुन्या वाचकांना हे पाठ झालं असेल.) गोळ्या घेता का, असं विचारल्यावर ते गप्प बसले. सोबत आलेल्या मुलीनं सांगितलं, "बाबांनी दिवाळीपासून गोळ्या बंद केल्या. सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन दालचिनीचे ब्रेड खातात. मोबाईलवर व्हिडिओ आला होता."

त्यावर काका म्हणाले, "साहेब, तुमीच त म्हनलं होतं, दालचिनी घ्या म्हनून."

आठवून पाहिलं. असं मी म्हटलं नव्हतं, पण जे म्हटलं होतं ते फार वेगळंही नव्हतं. दोन वर्षांपूर्वी त्यांनी जाता जाता विचारलं होतं, "दालचिनीचं पाणी घेऊ का?" बाहेर रांग होती. मी लिहिता लिहिता "हरकत नाही" म्हणून मोकळा झालो. डॉक्टर "हरकत नाही" म्हणतो तेव्हा त्याला "घेतलं तरी फरक पडत नाही" असं म्हणायचं असतं. पेशंटला ते "घ्या, गुण येईल" असं ऐकू येतं. त्या दोन शब्दांत माझा वाटा आहे, हे आधीच कबूल करतो. पुढचा लेख थोडा चिडून लिहिलेला आहे, आणि त्यातली काही चीड स्वतःवरचीही आहे.

तो व्हिडिओ मी मुलीकडून मागून घेतला. नंतर लक्षात आलं की तसे डझनभर व्हिडिओ फिरत आहेत. 'पाच मिनिटांत हेल्दी नाश्ता', 'शुगर कंट्रोल करणारा दालचिनी टोस्ट', 'मुलं मागून मागून खातील'. यातलं शेवटचं वाक्य खरं आहे. पहिल्या दोनांशी माझं भांडण आहे.

पाककृती वजनकाट्यावर

आधी पदार्थ समजून घेऊ. घरच्या काट्यावर वजन करून मी तो स्वतः केला, त्यामुळे आकडे माझ्या स्वयंपाकघरातले आहेत. चार स्लाइस ब्रेड. दोन मोठे चमचे बटर. चार मोठे चमचे साखर. अर्धा छोटा चमचा दालचिनी पूड. बटर, साखर आणि दालचिनी कालवून ब्रेडला फासायची आणि तव्यावर मंद आचेवर साखर विरघळून कडक होईपर्यंत भाजायचं. वास घरभर सुटतो. चव अप्रतिम लागते, याबद्दल वाद नाही.

मोठा सपाट चमचा साखर म्हणजे साधारण १२ ग्रॅम. म्हणजे एका स्लाइसवर १२ ग्रॅम आणि दोन स्लाइसवर २४ ग्रॅम. त्यात ब्रेडचा स्टार्च मिळवा, दोन स्लाइसचा सत्तावीस-अठ्ठावीस ग्रॅम. सोबत दोन चमचे साखरेचा चहा असतोच, म्हणजे आणखी आठ-दहा ग्रॅम. बेरीज साठच्या घरात जाते. डायबिटीस आहे की नाही हे पाहण्यासाठी आम्ही मोठ्या माणसाला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून पाजतो आणि दोन तासांनी रक्त तपासतो. ती तपासणी मुद्दाम शरीराला जड जाईल अशी आखलेली आहे. आमचे काका दिवाळीपासून दिवसातून दोनदा जवळजवळ तेवढंच कर्बोदक पोटात घालत होते, तेही गोळी न घेता आणि औषध म्हणून. साखर आणि स्टार्च हे ग्लुकोजसारखे तंतोतंत वागत नाहीत, बटरमुळे वेगही थोडा कमी होतो, हे मान्य. पण पायाची जखम असल्या बारकाव्यांची वाट पाहत नाही.

आता त्यात दालचिनी किती होती ते पाहा. अर्धा छोटा चमचा पूड म्हणजे सव्वा ग्रॅमच्या आसपास, ती चार स्लाइसमध्ये वाटलेली. दोन स्लाइस खाणाऱ्याच्या पोटात अर्ध्या-पाऊण ग्रॅमपेक्षा जास्त जात नाही. हा आकडा लक्षात ठेवा, लगेच लागणार आहे.

दालचिनीनं साखर कमी होते का?

ही समजूत हवेतून आलेली नाही. २००३ साली 'डायबिटीस केअर' या नियतकालिकात पाकिस्तानातला एक अभ्यास छापून आला. टाइप २ डायबिटीसच्या ६० जणांपैकी काहींना रोज १, ३ किंवा ६ ग्रॅम दालचिनी कॅप्सूलमधून ४० दिवस दिली आणि बाकीच्यांना दालचिनी नसलेल्या कॅप्सूल दिल्या. दालचिनी घेणाऱ्यांची उपाशीपोटीची साखर १८ ते २९ टक्क्यांनी उतरली. बातमी जगभर गेली आणि आज वीस वर्षांनंतरही तीच फॉरवर्ड होत फिरते आहे.

व्हिडिओवाले तीन गोष्टी सांगत नाहीत. त्या अभ्यासातले लोक साखर कमी करणाऱ्या गोळ्या घेतच होते, दालचिनी गोळ्यांच्या जागी दिलेली नव्हती. ती कॅप्सूलमध्ये होती, बटर-साखरेत कालवलेली नव्हती. आणि अभ्यास फक्त ६० जणांचा होता. पुढे २०१२ मध्ये कोक्रेन या संस्थेनं तोपर्यंतच्या दहा चाचण्या, एकूण ५७७ माणसं, एकत्र तपासल्या. उपाशीपोटीच्या साखरेबद्दल ठाम काही सांगता येईना, आणि एचबीए१सीमध्ये भरवशाचा फरक दिसला नाही. डायबिटीसवर दालचिनी वापरावी असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्यानंतरच्या काही आढाव्यांत उपाशीपोटीची साखर थोडी कमी झालेली दिसते. मी दालचिनीचा शत्रू नाही. उद्या चांगला, मोठा अभ्यास आला तर मीच इथे लिहीन.

पण समजा, त्या जुन्या अभ्यासातला आकडा शंभर टक्के खरा मानला. तीन ग्रॅम दालचिनी पोटात जायला या टोस्टचे किती स्लाइस खावे लागतील? नऊ ते दहा. त्यांच्यासोबत शंभर ग्रॅमच्या वर साखर. साखर कमी करण्यासाठी पाव किलोच्या निम्मी साखर खायची, हा उपाय मला तरी कोणत्याही शास्त्रात बसवता येत नाही, ना ॲलोपॅथीत ना आयुर्वेदात.

"मग टोस्टवर दालचिनी जास्त घालू का?" हा प्रश्न मला ओपीडीत दोघांनी विचारला. नको. त्याचं कारण थोडं सविस्तर सांगावं लागेल.

आपण ज्याला सरसकट दालचिनी म्हणतो त्या दोन वेगळ्या झाडांच्या साली आहेत. एक श्रीलंकेची, खरी दालचिनी. तिची काडी कागदासारख्या पातळ थरांची, एकात एक गुंडाळलेली, बोटांनी सहज चुरगळणारी. दुसरी कॅसिया, चीन, व्हिएतनाम, इंडोनेशियाकडून येणारी. तिची साल जाड, एकाच थराची, दोन्ही बाजूंनी आत वळलेली, आणि तोडायला खलबत्ता लागतो. आपल्याकडच्या किराणा दुकानात दालचिनी म्हणून स्वस्तात मिळते ती बहुतेक वेळा ही दुसरी. काडी हातात घेऊन बघा, तुम्हालाच कळेल. पूड घेतली तर कुणालाच कळत नाही.

कॅसियात कुमारिन नावाचं द्रव्य बरंच असतं, श्रीलंकेच्या दालचिनीत नगण्य. काही माणसांच्या लिव्हरला कुमारिन सोसत नाही. (रक्त पातळ करणाऱ्या वॉर्फरिनशी त्याचं नातं आहे, पण कुमारिन स्वतः रक्त पातळ करत नाही, ही गल्लत नेटवर सगळीकडे आहे.) युरोपात त्याची मर्यादा वजनाच्या दर किलोला रोज ०.१ मिलिग्रॅम अशी ठरवलेली आहे. जर्मनीच्या सरकारी संस्थेनं त्याचा हिशेब मांडला: ६० किलोच्या माणसानं रोज २ ग्रॅमपर्यंत कॅसिया, आणि १५ किलोच्या मुलानं अर्धा ग्रॅम. म्हणजे तीन-चार वर्षांच्या मुलाला रोज दोन दालचिनी टोस्ट दिले तर ते मूल त्या रेषेवर जाऊन बसतं. एखाद्या दिवशी जास्त झालं तर काही बिघडत नाही, ही मर्यादा रोजच्या सवयीसाठी आहे. डेन्मार्कमध्ये २०१३ साली याच कुमारिनवरून बेकरीवाले आणि सरकार यांच्यात वाजलं होतं, कारण त्यांचा आवडता दालचिनी रोल नियमात बसत नव्हता. तिथे लोक त्याला औषध म्हणून खात नव्हते, तरीही मोजमाप झालं. आपल्याकडे औषध म्हणून खातात आणि चमचासुद्धा मोजत नाहीत.

पुडीबद्दल आणखी एक. २०२३ च्या अखेरीस अमेरिकेत लहान मुलांच्या सफरचंदाच्या गरातून शिसं पोटात गेल्याचं उघड झालं, शेकडो मुलं बाधित झाली. शिसं आलं होतं गरात घातलेल्या दालचिनी पुडीतून. तेव्हा काडी आणा, घरी कुटा. दोन मिनिटांचं काम आहे.

ब्राउन ब्रेड, आणि मैद्याचं भूत

"साहेब, पण आम्ही ब्राउन ब्रेड आणतो." पाकिटाची मागची बाजू वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहायचे असा नियम आहे. पहिलं नाव मैद्याचं असेल आणि पुढे कुठेतरी कॅरॅमल रंग असेल, तर तो रंगवलेला पांढरा ब्रेड आहे. आणि खरोखर अख्ख्या गव्हाचा असला तरी साखर चढण्याच्या वेगात फार फरक पडत नाही: ग्लायसेमिक इंडेक्सच्या आंतरराष्ट्रीय तक्त्यात पांढरा ब्रेड ७५ आणि गव्हाचा ७४. त्याच तक्त्यात आपली पोळी ५२ च्या आसपास आहे. अख्ख्या गव्हाच्या ब्रेडमध्ये तंतू जास्त असतात, तेवढा फायदा घ्या.

पण दुसऱ्या टोकाचे फॉरवर्डही खोटे आहेत. मैदा आतड्याला चिकटतो, ब्रेड पोटात महिनाभर राहतो, ब्रेडनं कॅन्सर होतो. मैदा पचतो, नव्हे तो भलताच लवकर पचतो, आणि तक्रार तीच आहे. पोटॅशियम ब्रोमेट हे रसायन ब्रेडमध्ये वापरत असत, त्यावर २०१६ मध्ये भारतात बंदी आली. ब्रेड विष नाही. स्वस्त, मऊ, लवकर भूक लावणारा पदार्थ आहे, एवढंच.

आता मुलांचं

काकांचा विषय गोळ्यांचा होता. त्याहून मोठी काळजी मला त्यांच्या घरातल्या सात वर्षांच्या नातवाची वाटते, कारण आजोबांसाठी टोस्ट व्हायचा तेव्हा त्याच्यासाठीही व्हायचा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये सांगितलं की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, जमल्यास ५ टक्क्यांच्या आत. सात-आठ वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १,७०० किलोकॅलरी लागतात. त्याचे ५ टक्के म्हणजे २१ ग्रॅम साखर. दोन टोस्टमध्ये २४ आहेत. सकाळी साडेआठलाच त्याचा दिवसाचा कोटा संपलेला, बिस्किटं, चॉकलेट, चहा अजून बाकी. प्रथिनं मात्र त्या नाश्त्यात चार-पाच ग्रॅम. दहा वाजता त्याला पुन्हा भूक लागते आणि खिशात दहा रुपये असतात. दाढांच्या फटीत ब्रेड आणि साखरेचा लगदा चिकटून बसतो तो वेगळाच.

इथे बऱ्याच वाचकांच्या मनात आलं असेल, "आजकालच्या बायांना करायचा कंटाळा." हे वाक्य माझ्या ओपीडीत चालत नाही. आर्वी तालुक्यात कापूस वेचणीच्या दिवसांत बाई सकाळी आठला शेतात असते. त्याआधी पाणी, चूल, डबे, म्हातारी माणसं. त्या घरात ब्रेड आला तो आळसानं नाही आला, तो वेळेच्या टंचाईतून आला. दहा मिनिटांत उकडपेंडी होते हे मला माहीत आहे, पण त्या दहा मिनिटांत घरातला पुरुष अंगणात चहा पीत बसलेला असतो हेही मला दिसतं. व्हिडिओ बघायला त्याला वेळ आहे. तवा ठेवायलाही असावा.

रात्रीच्या पोळ्या उरलेल्या असतात. त्यांचा कुस्करा कांदा-मोहरीची फोडणी देऊन पाच मिनिटांत होतो, वर मूठभर भाजलेले शेंगदाणे टाकले की सात-आठ ग्रॅम प्रथिनं वाढली. ज्यांच्याकडे चालतं त्यांनी अंडं घ्यावं. मुलाला गोडच हवं असेल तर त्याच पोळीचा तूप-गुळाचा लाडू वळा आणि हौस म्हणून त्यात चिमूटभर दालचिनी घाला, चव टोस्टसारखीच येते. फक्त गुळाला औषध म्हणू नका. गूळही मुख्यतः साखरच आहे, थोडे क्षार जास्त.

गुळाबद्दल आपल्या जिल्ह्यात असं बोलणं म्हणजे धाडस, याची मला कल्पना आहे. १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला तो वर्ध्यातच. मगनवाडीत कुमारप्पांनी जात्यावरचं पीठ, हातसडीचा तांदूळ, घाणीचं तेल आणि गूळ यांचा पाठपुरावा केला. कोंडा काढू नका, पॉलिश करू नका, हे ते लोक सांगत होते तेव्हा त्यांची थट्टा झाली. पिठाच्या बाबतीत ते बरोबर होते, आज पोषणतज्ज्ञ तेच सांगतात. गुळाच्या बाबतीत गावच्या रोजगाराचा मुद्दा मला पटतो, पण डायबिटीसच्या पेशंटला मी साखरेऐवजी गूळ लिहून देणार नाही.

आणि वर्ध्याचंच आणखी एक उदाहरण. गोरस भांडारचा गोरसपाक कुणाला आवडत नाही? गव्हाचं पीठ, गाईचं तूप, गोड. पाहुणे नागपूर-मुंबईला जाताना डबे भरून नेतात. पण गोरसपाक खाऊन शुगर कमी होते, असं सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. लोक तो आवडीनं, दोन-चार तुकडे, खाऊ म्हणून खातात. दालचिनी टोस्टलाही मी नेमका हाच दर्जा मागतो आहे. त्याला नाश्त्याच्या पंगतीतून उठवा आणि खाऊच्या पंगतीत बसवा.

म्हणून करायचाच असेल तर रविवारी करा. माझी पद्धत सांगतो. एका स्लाइसला पाऊण छोटा चमचा साखर पुरते, मात्र ती फासायची नाही. आधी नुसत्या तुपावर ब्रेड दोन्ही बाजूंनी कुरकुरीत करायचा, आच बंद करायची, मग वरून साखर-दालचिनी भुरभुरायची. साखर जिभेला पहिल्यांदा लागते, त्यामुळे कमी घातली तरी गोड वाटतो. चार मोठ्या चमच्यांचं काम तीन छोट्या चमच्यांत होतं. सोबत दूध किंवा उकडलेलं अंडं. माझ्या मुलीला सुरुवातीला फरक कळला, तिसऱ्या रविवारपासून कळेनासा झाला.

गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी काढा, कॅप्सूल, पूड यांतलं काहीही सुरू करण्याआधी विचारा, आणि विचारताना डॉक्टरचं डोकं कागदात असेल तर त्याला वर बघायला लावा. लिव्हरचा आजार असेल तर दालचिनीचे रोजचे प्रयोग अजिबात नकोत. पायाला संवेदना कमी असेल तर रोज रात्री तळवे आरशात बघा; काकांना चप्पल लागलेली दुखलीच नव्हती, घात तिथेच झाला.

काकांना सेवाग्रामला पाठवावं लागलं. मेलेला भाग काढला, काही दिवस इन्सुलिन दिलं, अंगठा वाचला. काल ते ड्रेसिंगला आले होते. जखम तळातून लाल भरते आहे. उठता उठता दारात थांबले आणि म्हणाले, "साहेब, तो ब्रेड कधीमधी चालते का?"

बाहेर रांग होती. मी त्यांना परत बसवलं आणि चिठ्ठीवर लिहून दिलं: रविवारी, एक स्लाइस, साखर अर्धा छोटा चमचा, त्या दिवशी चहा बिनसाखरेचा. गोळ्या रोज. खाली मुलीची सही घेतली.